बोकडाच्या मेंदूत गाबाचे रिसेप्टर मोजताना

आदल्या दिवशीच खाटीकदादांना सांगून ठेवा, भेजा ताजा हवा. मी सकाळी आधी मिरकरवाड्याला, मासळीच्या बंदरावर जाते. मासळीसाठी फोडलेला बर्फ थर्माकोलच्या डब्यात भरून घेते आणि तिथूनच दुकान गाठते. भेजा पिशवीत घालून बर्फात गाडायचा. रत्नागिरीच्या दमट हवेत तो उघडा ठेवायची छाती माझी होत नाही.

मी मागचा लहान मेंदू घेते, बारीक घड्यांचा. गाबा हे मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन, आणि ते ज्या प्रथिनांवर बसतं ते त्याचे रिसेप्टर. त्यातले गाबा-ए प्रकारचे तिथे भरपूर असतात. ०.३२ मोलर थंड सुक्रोजमध्ये तो टेफ्लॉनच्या दांड्याने घोटायचा. सेंट्रिफ्यूजमध्ये १,००० जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) १० मिनिटं फिरवलं की पेशींची केंद्रकं तळाला बसतात. वरचं दुधाळ पाणी २०,००० जी वर २० मिनिटं फिरवा. खाली बसतो तो पेशींच्या पडद्यांचा गोळा, रिसेप्टर याच पडद्यांत असतात.

आता खरी मेहनत, धुण्याची. मेंदूत स्वतःचा गाबा असतोच आणि तो रिसेप्टरवर ठाण मांडून बसतो. गोळा आधी बर्फगार डिस्टिल्ड पाण्यात फोडा, म्हणजे मज्जातंतूंच्या टोकांच्या पिशव्या फुटून आतला गाबा बाहेर पडतो. मग ५० मिलिमोलर ट्रिसमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, चार-पाच वेळा धुवा. रात्रभर गोठवा, वितळवा, पुन्हा धुवा. ट्रिसचा पीएच थंड असतानाच लावा. तो गार झाला की पीएच चढतो. एकदा जूनच्या पावसात लाइट गेली आणि मी एकाच धुण्यावर आटोपलं. आकडे इतके कमी आले, की मी आठवडाभर रसायनालाच दोष देत होते.

रिसेप्टर मोजायला मसिमॉल लागतं, गाबाच्याच जागी बसणारं रसायन. त्याला ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, लावलेला असतो, म्हणून ते मोजता येतं. ते अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच वापरायचं. म्हणून गोठवलेला गोळा मीठ-बर्फात घालून मी कोकण रेल्वेने मुंबईला नेते. तिथे मसिमॉलच्या प्रत्येक मात्रेला दोन संच: एकात नुसतं मसिमॉल, दुसऱ्यात वर साधा गाबा भरपूर. गाबा रिसेप्टर अडवून धरतो, म्हणून दुसऱ्यात मसिमॉल इतरत्र चिकटतं तेवढंच दिसतं; वजाबाकी केली की रिसेप्टरवरचं खरं बंधन कळतं. सगळं बर्फावरच ठेवा. काचतंतूच्या फिल्टरवर ओतल्यावर बर्फगार ट्रिसने झटपट धुवा, रेंगाळलात तर बसलेलं मसिमॉल सुटू लागतं.

प्रत्येक नळी तीनदा करा. तिन्हींचे आकडे फटकून आले, तर गोळ्याच्या गुठळ्या नीट मोडल्या होत्या का ते बघा. पिपेटच्या टोकाशी पांढरा कण अडकलेला दिसतो.