फॅन्टसी बास्केटबॉल : मार्च-एप्रिलच्या पिकअपमध्ये या चुका टाळा

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, हंगाम ऑक्टोबरात लागतो आणि एप्रिलच्या मध्याला संपतो. प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. फॅन्टसी लीग म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करून त्यांच्या आकड्यांवर एकमेकांशी लढायचं. आपल्या ह्या लीगचे प्लेऑफ (बादफेरी) मात्र मार्चमध्येच सुरू होतात, आणि तोवर बऱ्याच संघांचा जिंकण्यातला जीव निघून गेलेला असतो. कुणी स्टारला विश्रांती देतं, कुणी पोरांना अजमावून बघतं, कुणाच्या दुखापती संपता संपत नाहीत. पिकअपचे, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेला मोकळा खेळाडू घेण्याचे, जे हिशोब डिसेंबरात बरोबर यायचे, ते इथं चुकतात.

आमची दहा जणांची लीग आहे. नांदेड, लातूर, परभणी, संभाजीनगर अशी विखुरलेली मंडळी, बहुतेक जण कॉलेजच्या कोर्टवर एकत्र घाम गाळलेले. पैशाचा व्यवहार नाही, एक फिरता कप आहे. त्या कपासाठी गेली काही वर्षं मार्च महिना जागून काढतो. दरवर्षी त्याच त्या चुकांवर लीग हातची जाते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

काल रात्रीचे पॉइंट बघून धावणं

सगळ्यात जास्त नुकसान ह्यानं होतं. ३ एप्रिल २०२४ ला डेट्रॉइटच्या मलाकाय फ्लिननं अटलांटाविरुद्ध बेंचवरून येऊन ५० पॉइंट केले. त्याच हंगामात टोरांटो, न्यूयॉर्क आणि डेट्रॉइट अशा तीन संघांकडून तो खेळला होता. डेट्रॉइटचा तो हंगाम १४ विजय आणि ६८ पराभव असा गेला. सकाळी सकाळी लातूरहून धाकट्या मित्राचा फोन आला.

"दादा, फ्लिन मोकळाच आहे. घेऊन टाकू का?"

"तू काय बघायलास?"

"पन्नास केलेत की!"

"पॉइंट बघायलास तू. मिनिटं कुणाची होती ती बघ की आधी."

फ्लिन त्यानंतर त्या आकड्याच्या जवळपासही गेला नाही. एका रात्री नेम लागला, तेवढंच. ज्यांनी त्याच्यासाठी बरा खेळाडू सोडला, त्यांना तो परत मिळाला नाही.

आता त्याच हंगामातलं दुसरं उदाहरण घ्या. मेम्फिसनं त्या वर्षी ३३ खेळाडू मैदानात उतरवले, हा तेव्हा लीगचा विक्रम ठरला. त्यांचा स्टार गार्ड जा मोरांट, त्याचा खांदा जानेवारीत गेला आणि त्याचा हंगाम तिथंच संपला. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ४५ व्या क्रमांकावर निवडलेला जीजी जॅक्सन टू-वे करारावर होता, म्हणजे अर्धा मुख्य संघात, अर्धा दुय्यम लीगच्या संघात. फेब्रुवारीत संघानं त्याला पूर्ण करार दिला. १४ एप्रिलला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, त्यानं डेन्व्हरविरुद्ध ४४ पॉइंट आणि १२ रिबाउंड घेतले. हा आकडाही फ्लिनसारखाच अचानक आल्यासारखा दिसतो, पण तसा तो नव्हता. ज्यांनी फेब्रुवारीपासून त्याची मिनिटं पाहिली होती त्यांच्याकडे तो आधीच होता.

बटईच्या जमिनीसारखं समजा. जमीन कसणारा चांगला आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. मूळ मालक कधी परत येणार, हे आधी विचारायचं. मालक हंगामभर येणारच नसेल तर बटईदार निवांत पेरतो. मालक दोन दिवस गावाला गेलेला असेल तर त्या जमिनीवर कुणी भरवसा ठेवू नये. पिकअप करताना मी हेच बघतो : ह्याला मिळालेली मिनिटं मुळात कुणाची, आणि तो माणूस परत कधी येणार?

ते बघायची सोपी पद्धत आहे. मागच्या चार-पाच सामन्यांचा बॉक्स स्कोअर (प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांचा तक्ता) उघडा आणि पॉइंटचा रकाना झाकून ठेवा. मिनिटं २४, २७, २९, ३१ अशी चढत असतील, शॉटचे प्रयत्न वाढत असतील, तर नेम चुकलेला असला तरी खेळाडू घ्या. मिनिटं १२, ३८, ९, १४ अशी उड्या मारत असतील तर त्या ३८ च्या दिवशी काहीतरी वेगळं घडलं होतं एवढंच.

घड्याळ

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढं जातात. आपल्याकडे तसलं काही नाही, त्यामुळे आपल्यासाठी सगळे सामने एका तासानं अलीकडे येतात. पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७ चा सामना तोवर आपल्याकडे पहाटे ५:३० ला असतो, त्या रविवारनंतर तो ४:३० ला होतो. पश्चिमेकडचा, पूर्वेच्या घड्याळानं रात्री १० चा सामना सकाळी ८:३० ऐवजी ७:३० ला येतो. आणि हा बदल येतो ऐन फॅन्टसी प्लेऑफच्या तोंडावर.

ह्याची किंमत मी सेमीफायनलला मोजली आहे. अर्धापूरला केळीच्या बागेत होतो. रात्रीची लाईट होती, मोटर चालू करून शेडमध्ये येऊन पडलो आणि नेहमीच्या सवयीनं ५:१० चा गजर लावला. उठून बांधावर गेलो, कारण शेडमध्ये रेंज येत नाही. ॲप उघडलं तर माझ्या सेंटरच्या नावापुढं कुलूप आणि लाल अक्षरात 'आउट'. सामना सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती. त्याच्या जागी आदल्या रात्री घेऊन ठेवलेला राखीव सेंटर माझ्या बेंचवर बसून ब्लॉक घेत होता, म्हणजे समोरच्याचे शॉट अडवत होता, आणि बेंचवरच्याचे आकडे धरत नाहीत. त्या दिवशी त्यानं तीन ब्लॉक घेतले आणि आठवड्याअखेरीस मी ब्लॉकच्या रकान्यात दोननं हरलो. आमची लढत आकड्यांच्या नऊ रकान्यांची असते, तीही ५-४ अशीच गेली.

तेव्हापासून त्या रविवारी फोनमधले सगळे गजर एक तास मागं घेतो. संघांना दुखापतीची यादी सहसा आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ पर्यंत द्यावी लागते. मार्चअखेरीस पूर्व किनाऱ्याचे ५ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे २:३०. म्हणजे संध्याकाळच्या सामन्याच्या सव्वीसेक तास आधीच पहिली खूण हाताशी आलेली असते, पहाटेवर सगळं सोडायची गरज नाही. 'शंकास्पद' असं लिहिलेला खेळाडू दिसला की झोपण्यापूर्वीच त्याच्या जागी दुसरा उभा करायचा. रविवारी दुपारचे सामनेही ध्यानात ठेवा. तिकडची दुपारी १ म्हणजे आपली रविवारची रात्री १०:३०, सोमवारची पहाट नव्हे.

सामने मोजणं आणि कामाचे सामने मोजणं

सामने सगळेच मोजतात. दर सामन्याला ३० मिनिटं खेळणारा आठवड्यात दोनच सामने खेळला तर ६० मिनिटं झाली. २४ मिनिटंवाल्याचे चार सामने असतील तर ९६. स्टील (चेंडू हिसकावणं), थ्री-पॉइंटर, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) हे सगळे बेरजेचे रकाने, तिथं दुसराच भारी पडतो. इथपर्यंत सगळ्यांना कळतं.

चूक ह्याच्या पुढं आहे. आमच्याकडे एका दिवशी दहाच खेळाडू उतरवता येतात आणि तिघं बेंचवर राहतात. बुधवारी-शुक्रवारी बहुतेक संघ खेळत असतात. माझे दहाच्या दहा चांगले खेळाडू त्या दिवशी मैदानात असतील, तर नव्यानं घेतलेला खेळाडू बेंचवरच बसणार. त्याच्या चारपैकी दोन सामने अशा गर्दीच्या दिवशी पडले, की ९६ मिनिटांची ४८ च झाली. म्हणून मी रविवारी रात्री वहीत सात रकाने पाडतो, माझ्या कुठल्या दिवशी किती जागा रिकाम्या आहेत ते लिहितो आणि त्या रिकाम्या दिवशी खेळणारा शोधतो. मंगळवार-गुरुवारी खेळणारा साधा खेळाडू गर्दीच्या दिवशी खेळणाऱ्या चांगल्या खेळाडूपेक्षा जास्त देतो.

आठवड्याचे बदल मोजकेच मिळत असतील, तर ते बुधवारपर्यंत उधळू नका. निदान दोन शनिवार-रविवारसाठी राखा. लढत कुठल्या रकान्यात अडकली आहे, हे तेव्हाच कळतं.

कुठल्या संघातून घ्यायचा

तळाच्या संघात पोरांना मिनिटं मिळतात, म्हणून सगळे तिकडे धावतात. ते बरोबरच आहे, पण अर्धंच. २०१९ मध्ये ड्राफ्ट लॉटरीचे, म्हणजे नवे खेळाडू निवडायचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीचे, नियम बदलले आणि तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकासाठी सारखीच १४ टक्के संधी मिळू लागली. तरीही जिंकण्यापेक्षा हरण्यात फायदा बघणारे संघ दरवर्षी असतातच. एप्रिल २०२३ मध्ये डॅलसनं प्ले-इनची (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यांची) आशा कागदावर शिल्लक असताना शिकागोविरुद्ध प्रमुख खेळाडू बसवले. त्यासाठी लीगनं त्यांना साडेसात लाख डॉलर दंड केला. मार्च २०२५ मध्ये लॉरी मार्कनेनला न खेळवल्याबद्दल युटाला एक लाख डॉलर दंड झाला. अशा संघात आज ज्याला ३४ मिनिटं मिळतात, तोच बरा खेळायला लागला तर परवा त्यालाही बसवतात.

वरच्या संघांचं उलट. शेवटच्या आठवड्यात त्यांचं स्थान पक्कं झालं की त्यांचे स्टार बाहेर आणि राखीव आत. इथले राखीव घ्यावेत, पण फक्त त्या चार दिवसांपुरते. आणि स्टारचे एकूण सामने बघा. २०२३-२४ पासून मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने लागतात. ६२-६३ वर असलेला स्टार सहसा बसत नाही, त्यामुळे त्याच्या बदलीला घेऊन हाती काही लागणार नाही.

मला सगळ्यात भरवशाचे वाटतात ते मधले संघ. सातव्या ते दहाव्या क्रमांकाची झुंज चालू असलेले. प्ले-इनसाठी त्यांना प्रत्येक सामना हवा असतो, प्रशिक्षक प्रयोग करत नाही, सहावा-सातवा खेळाडू रोज २६-२८ मिनिटं खेळतो. त्याच्या नावाची चर्चा होत नाही, म्हणून तो मोकळा सापडतो. टू-वे करारावरचा खेळाडू घेताना मात्र एक तपासा. त्याला हंगामात ५० च सामन्यांत संघात घेता येतं. मार्चअखेरीस तो ४७-४८ वर असेल आणि पूर्ण करार झाला नसेल, तर त्याचे दिवस भरत आलेत.

नाव सोडवत नाही ही अडचण

आपल्या लीगच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्याच फेरीत घेतलेला खेळाडू सोडताना हात थरथरतो, हे मी समजू शकतो. पण प्लेऑफच्या बाहेर गेलेल्या संघातला स्टार गुडघ्यामुळे बाहेर असेल आणि संघ 'दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू' म्हणत असेल, तर मार्चच्या मध्यानंतर तो परत येईल ही आशा सोडा. दुखापतीची वेगळी जागा रिकामी असेल तर तिथं टाका. नसेल तर मोकळा करा. ती एक जागा तीन आठवडे फिरती ठेवली, तर तिच्यातून दहा-बारा सामने निघतात.

पुढं असताना थांबता न येणं

नऊ रकान्यांच्या लढतीत तीन रकाने असे आहेत की जास्त खेळवलं तर बिघडतात : फील्ड गोलची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर (चेंडू गमावणं, जितके कमी तितकं बरं). रविवारी तुम्ही ५-४ पुढं आहात, टर्नओव्हरमध्ये एकानं आणि फ्री थ्रोमध्ये अगदी निसटते पुढं आहात, आणि बेंचवर नवा घेतलेला गार्ड आहे. त्याला उतरवला तर असिस्ट वाढतील, पण असिस्ट तुम्ही आधीच पंधरानं जिंकलेत. अशा वेळी ती जागा रिकामी ठेवायची. आमच्या परभणीच्या मित्रानं मागच्या फायनलला अशीच तीन जणांना बेंचवर बसवून रात्री साडेदहाला फोन बंद केला. सोमवारी सकाळी त्यानं ॲप उघडलं तेव्हा समोरच्याच्या गार्डनं सहा टर्नओव्हर केलेले होते, आणि कप सध्या परभणीत आहे.