मॅनेजर व्हायचं की आयसी राहायचं? प्रॉडक्ट मॅनेजरांनो, ठरवताना या चुका टाळा

अप्रेझलच्या मीटिंगमध्ये बॉस विचारतात, "पुढच्या वर्षापासून टीम सांभाळशील का?" आणि बहुतेक जण तिथल्या तिथे 'हो' म्हणून मोकळे होतात. मीही म्हणाले होते. नाही म्हटलं तर हिला पुढे जायचंच नाही असा समज होईल, एवढी एकच भीती त्या 'हो'मागे होती. रोजचं काम नक्की काय असेल हे मी विचारलंसुद्धा नाही. दोन वर्षं टीम सांभाळून मी पुन्हा इंडिव्हिज्युअल कॉन्ट्रिब्युटर, म्हणजे हाताखाली टीम नसलेली, स्वतःचं काम स्वतः करणारी आयसी झाले. आता याच वळणावर उभे असलेले प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे पीएम, माझ्याशी बोलतात, तेव्हा ठरावीक चुका पुन्हा पुन्हा समोर येतात.

मॅनेजरपदाला बक्षीस समजणं

काम चांगलं केलं की हाताखाली माणसं द्यायची, ही पद्धत सगळीकडे रुळलेली आहे. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विक्री विभागांतल्या बढत्या तपासल्या. ज्यांची स्वतःची विक्री जास्त, त्यांना मॅनेजर करण्याकडे कंपन्यांचा कल दिसला. पण बढतीआधी ज्यांची विक्री जास्त होती, त्यांच्याच हाताखालच्या लोकांची कामगिरी नंतर कमी भरली. उलट ज्यांना आधी इतरांसोबत मिळून सौदे करायची सवय होती, ते मॅनेजर म्हणून सरस ठरले.

विक्री आणि प्रॉडक्ट ही कामं वेगळी आहेत हे मान्य. तरी स्वतःला विचारण्यासारखा प्रश्न इथे मिळतो: गेल्या वर्षातलं कोणतं काम आठवून तुम्हाला बरं वाटतं? तुम्ही स्वतः सोडवलेला किचकट प्रश्न आठवतो, की तुमच्या मदतीने दुसऱ्याने मारलेली बाजी? उत्तर पटकन आलं तर त्यावर विश्वास ठेवा.

"पीएम म्हणजे मॅनेजरच की!"

पदाच्या नावातच मॅनेजर असल्यामुळे हा घोळ होतो. या कामाचं मूळ साधारणपणे १९३१ पर्यंत नेतात. त्या वर्षी प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या नील मॅकएलरॉय यांनी एका अंतर्गत टिपणात सुचवलं, की एकेका ब्रँडची पूर्ण जबाबदारी वाहणारी माणसं नेमावीत. जबाबदारी होती ती मालाची. आजही पीएमचं तेच आहे. इंजिनिअर, डिझायनर त्याला रिपोर्ट करत नाहीत, तो त्यांना पटवून काम पुढे नेतो.

टीम घेतली की वेगळंच काम सुरू होतं. कोणाला कोणतं रेटिंग द्यायचं, ज्याला प्रमोशन मिळालं नाही त्याला ते कसं सांगायचं, ज्याचं काम जमत नाही त्याच्याशी दर आठवड्याला त्याच विषयावर कसं बोलायचं. रोडमॅप, म्हणजे प्रॉडक्टमध्ये पुढे काय करायचं याचा आराखडा, कितीही सुंदर मांडता येत असला, तरी त्याचा इथे फारसा उपयोग होत नाही.

टीम घेतली, पण जुनं काम सोडलं नाही

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, आणि ती मी स्वतः केली आहे. माझ्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका पीएमचा पीआरडी, म्हणजे काय बनवायचं आणि का हे मांडणारा कागद, शुक्रवारच्या रिव्ह्यूला जायचा होता. गुरुवारी रात्री मी तो उघडला. प्रश्न नीट मांडला होता, पण यश कशावर मोजायचं ते धूसर होतं. मी तासाभरात तो भाग स्वतः लिहून टाकला. दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूमध्ये एका इंजिनिअरने तिला विचारलं, "हाच आकडा का निवडला?" तिने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी दिलं. पुढच्या वेळी तिने अर्धवट पीआरडी पाठवला, सोबत एक ओळ: "तुम्ही नाहीतरी बदलालच."

त्या ओळीने मला जे कळलं ते कुठल्या प्रशिक्षणात कळलं नव्हतं. मी तिला मदत केली नव्हती, तिचं काम काढून घेतलं होतं.

त्यानंतर मी एक नियम पाळला. दुसऱ्याच्या कागदात मजकूर लिहायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे, तेही जास्तीत जास्त तीन. निर्णय सहज मागे घेता येण्यासारखा असेल, तर तो माझ्या मनासारखा नसला तरी जाऊ द्यायचा. किंमत बदलणं, ग्राहकांचा डेटा हलवणं असल्या गोष्टींतच थांबवायचं. हे करताना हात शिवशिवतात. महिनोन्महिने शिवशिवत राहिले, तर तो आयसीकडे जाण्याचा संकेत असू शकतो.

माणसांचा कंटाळा आला म्हणून आयसी निवडणं

"मला राजकारण नको, मी आपला आयसीच बरा," असं सांगणाऱ्यांना मी सावध करते. वरच्या पातळीवरच्या आयसी पीएमचं, म्हणजे स्टाफ किंवा प्रिन्सिपलचं काम माणसांतच चालतं. समजा, तीन टीम्सनी आपापलं लॉगिन बनवलंय आणि ते एक करायचंय. तिघांचे रोडमॅप भरलेले आहेत आणि तुम्हाला कोणीच रिपोर्ट करत नाही. मग प्रत्येकाला आधी वेगळं भेटायचं, त्यांची अडचण त्यांच्याच शब्दांत लिहायची, आणि सगळ्यांची मीटिंग होईपर्यंत निम्मं काम संपवून ठेवायचं. हाताशी फक्त मुद्दा आणि तुमच्या शब्दाची पत. मॅनेजरला निदान टीमला प्राधान्यक्रम ठरवून देता येतो, इथे तेही नाही.

कागदावरच्या शिडीवर विसंबणं

मॅनेजर न होता वर जाण्याची सोय आधी तंत्रज्ञ आणि शास्त्रज्ञांसाठी झाली. आयबीएमने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फेलो हे पद आणलं, ते त्याचं ठळक उदाहरण. प्रॉडक्टमध्ये ही शिडी अजून कच्ची आहे. लेव्हल्सच्या तक्त्यात 'प्रिन्सिपल पीएम' लिहिलेलं असतं, पण त्या खुर्चीत कोणी बसलेलं नसतं. पाच-सहाच पीएम असतील तर तेवढ्या मोठ्या प्रश्नांची गरजही कंपनीला नसते.

म्हणून 'हो' म्हणण्याआधी थेट विचारा. या लेव्हलवर आज किती जण आहेत? त्यातले आतून किती चढले? त्यांच्याकडे कोणते प्रश्न आहेत? समकक्ष मॅनेजरइतका पगार त्यांना मिळतो का? जमलं तर त्यातल्या एकाशी अर्धा तास बोला आणि त्याच्या गेल्या आठवड्याचं कॅलेंडर कसं होतं ते ऐका. उत्तरं गोलगोल आली, तर ती शिडी तुमच्यासाठी नाही असं धरून चाला.

परत फिरता येत नाही, असं मानणं

येतं. दोन-तीन वर्षांत ग्राहकांशी थेट बोलण्याची, स्वतः डेटा उपसण्याची सवय सुटते, पण थोडा वेळ दिला की परत येते. मॅनेजर म्हणून शिकलेलं वायाही जात नाही.

निवड करून बसलात आणि जमत नाहीये?

आधी नवखेपणा आणि न पटणं यांतला फरक ओळखा. पहिले काही महिने सगळ्यांनाच जड जातात, तेवढ्यावरून निर्णय नको. त्यानंतर एकदा महिन्याभराचं कॅलेंडर उघडून कोणत्या मीटिंग्ज तुम्ही पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या ते बघा. मॅनेजर असून वन-ऑन-वन, म्हणजे टीममधल्या एकेकाशी ठरलेली भेट, ढकलत असाल आणि फीचर रिव्ह्यूला मात्र वेळेआधी हजर असाल, तर कारण उघड आहे. आयसी असून स्वतःचं डिस्कव्हरीचं, म्हणजे ग्राहकांची खरी गरज शोधण्याचं काम मागे ठेवून ज्युनिअर पीएमसोबत तासन् तास बसत असाल, तर तेही तितकंच उघड आहे.

बॉसशी बोलताना "मला हे झेपत नाही" असं म्हणू नका, ते बहुधा खरंही नसतं. काय करायचंय ते नाव घेऊन सांगा: "किंमतीच्या रचनेचा प्रश्न कोणाकडेच नाही. तो मी पूर्णवेळ घेते. टीमची जबाबदारी तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने दुसऱ्याकडे देऊ." आणि ज्यांना उलट दिशेने जायचंय, त्यांनी आधी एखादा इंटर्न किंवा असोसिएट पीएम मागून घ्यावा. बॉस रजेवर जातील तेव्हा त्यांच्या वन-ऑन-वन घेण्याची तयारी दाखवावी, आणि त्या आठवड्याच्या शेवटी आपण कशाने दमलो ते त्याच दिवशी लिहून ठेवावं.