ग्राफ्टची पट्टी 'जरा बघू या' म्हणून सोडू नका: या चुका टाळा

ऊसतोडीच्या हंगामात निपाणी-चिकोडीकडचे रस्ते ट्रॉल्यांनी भरून जातात आणि चाकाला घासून पायाची कातडी सोललेली कुत्री दवाखान्यात येतात. गुडघ्याखाली ओढून शिवायला सैल कातडी नसते, म्हणून छातीच्या बाजूची कातडी काढून तिथे बसवतात, तोच ग्राफ्ट. ऑपरेशन चांगलं होऊनही ग्राफ्ट पुढच्या आठवड्यात घरी वाया जातो, आणि तोही मायेपोटी, याचं फार वाईट वाटतं.

पहिले दोन दिवस त्या कातडीला रक्तपुरवठाच नसतो. जखमेतला पाझर शोषून ती तग धरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्या वाहिन्यांना जुळायला लागतात. नेमकं तेव्हाच कुणीतरी काळजीने पट्टी सोडतं. चिकटलेलं गॉज ओढताना कातडी किंचित सरकली तरी ती जुळणी तुटते. पट्टी कधी बदलायची ते ऑपरेशन केलेले डॉक्टर ठरवतील. तोवर कुत्रं छोट्या खोलीत बांधून ठेवा, जिना आणि अंगण बंद.

मात्र खानापूरच्या पावसात पट्टी भिजली, वास यायला लागला किंवा बोटं सुजली, तर वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रंग बघूनही लोक घाबरतात. सुरुवातीला ग्राफ्ट फिकट किंवा निळसर-जांभळा दिसणं स्वाभाविक आहे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून लाली चढते, आठवड्याभरात तो बराचसा गुलाबी-लाल होतो. वरचा काळा पापुद्रा सुटून खाली गुलाबी दिसलं तर ती कातडी जिवंत आहे, ओरबाडू नका. काळी, कोरडी आणि कडक झाली तर मात्र तेवढा भाग गेला.

हळद, चुना, रॉकेल यांतलं काहीही ग्राफ्टवर नको.

ऑपरेशनची घाईही करू नका. जखमेत लालभडक, दाणेदार, निरोगी मांस भरल्याशिवाय ग्राफ्ट धरत नाही. पू असेल तर आधी तो हटवावा लागतो. ग्राफ्टसाठी काढलेल्या कातडीखालची चरबी ऑपरेशनमध्ये पूर्ण खरवडली नाही, तर पाझर आत शिरत नाही. कातडीला बारीक चिरा दिल्या, तर खाली साचणारं रक्त-पाणी बाहेर पडतं. नाहीतर ते कातडीला जखमेपासून उचलून धरतं.

जखम भरली की चाटू नये म्हणून घातलेली गळ्यातली कॉलर लगेच काढतात, तेही चुकतं. संवेदना परतताना तिथे मुंग्या येतात, कुत्रं चावायला बघतं. चाटणं थांबेपर्यंत कॉलर राहू द्या.