लोकेशनवर पर्स्पेक्टिव्हची मापे घेताना या चुका टाळा

‘लेन्सची उंची: साधारण छातीइतकी’ अशी नोंद असलेला मापांचा कागद एकदा माझ्या हाती आला होता. कोणाच्या छातीइतकी, हे अर्थातच त्यात लिहिलेले नव्हते. व्हीएफएक्सच्या, म्हणजे चित्रणात संगणकावरचे दृश्य मिसळायच्या, शॉटसाठी लोकेशनवर मापे घ्यायची आणि पुढे त्याच मापांवरून संगणकात तसाच कॅमेरा पुन्हा उभा करायचा, हे काम मी बरीच वर्षे करते आहे, आणि दर नव्या प्रोजेक्टमध्ये त्याच पाच-सात चुका नव्या माणसांच्या हस्ताक्षरात वाचण्याचा आता मनापासून कंटाळा आला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तिच्याविषयीच्या गैरसमजातून बाकीच्या बऱ्याच चुका निघतात. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे चित्रकलेच्या वर्गात ज्याला यथार्थदर्शन म्हणतात ते, लेन्सवर अवलंबून नसते. कॅमेरा कोठे उभा आहे, यावर ते ठरते. एकाच जागेवरून 24 मिलिमीटरची लेन्स लावली काय किंवा 85 ची लावली काय, जवळचा खांब आणि लांबचा खांब यांचे परस्परांशी असलेले प्रमाण तेच राहते, फक्त चौकटीत मावणारा भाग कमी-जास्त होतो. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने बाप्तिस्मागृहाचे चित्र एका फळीवर काढले, फळीला एक भोक पाडले आणि बघणाऱ्याने मागच्या बाजूने त्या भोकाला डोळा लावून समोरच्या आरशात चित्राचे प्रतिबिंब पाहावे, अशी व्यवस्था केली. त्या भोकाचे काम एवढेच होते की बघणाऱ्याचा डोळा एका ठरावीक बिंदूवरून हलू नये. आपले कामही तो बिंदू शोधण्याचेच आहे, आणि तरीही लोकेशनवर सर्वात निष्काळजीपणे नोंदवला जातो तो नेमका तोच बिंदू.

उंची मोजली, पण कोणत्या जमिनीपासून?

ही माझी सर्वात नावडती चूक आहे, कारण तिच्यात मापन अगदी बरोबर असते आणि तरीही उत्तर चुकते.

एका जुन्या वास्तूच्या अंगणात आम्हाला एक स्थिर शॉट घ्यायचा होता. कॅमेरा जागचा हलणार नव्हता, आणि समोरच्या मोकळ्या जागेवर दोन मजली इमारत नंतर संगणकातून उभी करायची होती. उजेड उतरत आलेला, सगळ्यांना घाई झालेली. कॅमेरा विभागातील एका मुलाने टेप लावून लेन्सची उंची व्यवस्थित मोजली आणि कागदावर 1.35 मीटर असे लिहिले. ते माप खरेच बिनचूक होते. मात्र कॅमेरा अंगणाच्या खालच्या टप्प्यावर उभा होता आणि जेथे इमारत यायची होती ती जागा तीन पायऱ्या वर, म्हणजे 45 सेंटिमीटर उंच होती. इमारतीच्या पायापासून मोजले तर लेन्सची उंची प्रत्यक्षात फक्त 0.90 मीटर भरत होती. हा फरक कागदावर कोठेही नव्हता, आणि त्या दिवशी कागद तपासून न बघता खिशात घालणारी मीच होते.

पुढे काय झाले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. संगणकावर काम करणाऱ्याने इमारतीचा पाया हीच शून्य पातळी धरली आणि कॅमेरा तिच्यापासून 1.35 मीटर उंच ठेवला. आता चित्रात क्षितिजरेषेच्या खाली पाया जेथे दिसायला हवा तेथे तो आणायचा, तर इमारत दीडपट लांब ढकलावी लागते. त्यामुळे प्रत्यक्षातली 12 मीटरची जागा संगणकात 18 मीटरवर गेली. रेषा सगळ्या जुळल्या, सॉफ्टवेअरने कोणतीही तक्रार केली नाही, कारण स्थिर शॉटमध्ये संपूर्ण दृश्य दीडपट मोठे केले तरी चित्र अगदी तसेच दिसते. तक्रार केली ती दरवाजाने. 2.1 मीटर उंचीचा दरवाजा शेजारून चालणाऱ्या नटापुढे जेमतेम 1.4 मीटरचा दिसू लागला. मग कोणीतरी इमारत पुढे ओढली, तर दरवाजा योग्य उंचीचा झाला पण पाया जमिनीच्या खाली घसरला. तीन दिवस लोक लेन्सला, डिस्टॉर्शनला (लेन्समुळे सरळ रेषा वाकण्याला) आणि एकमेकांना दोष देत राहिले. कॅमेऱ्यापासून त्या जागेपर्यंतचे एक अंतर जरी कोणी टेपने मोजून लिहिले असते, तरी 12 आणि 18 मधली विसंगती पहिल्या तासातच उघडी पडली असती.

तेव्हापासून लोकेशनवर पोहोचल्यावर मी पहिल्यांदा एक शून्य ठरवते. संगणकातली वस्तू जेथे जमिनीला टेकणार, तेथे खडूने फुली मारते आणि उंचीची सगळी मापे त्याच फुलीपासून लिहिते, मग कॅमेरा खड्ड्यात असो वा टेकडीवर. पातळी एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायला लेसर लेव्हल उत्तम. ती नसेल तर पाण्याने भरलेली पारदर्शक नळी तितकेच अचूक काम करते आणि तिची बॅटरी कधी संपत नाही. उंची लेन्सच्या मध्यापर्यंत मोजायची असते, ट्रायपॉडच्या डोक्यापर्यंत नव्हे. हे सांगावे लागू नये, पण दर वेळी सांगावे लागते.

याच्या जोडीला दोन मीटरची एक काठी मी नेहमी जवळ बाळगते. तिच्यावर दर 50 सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे आहेत. टेक संपला की कॅमेऱ्याला हात न लावता ती काठी फुलीवर सरळ उभी धरून पाच सेकंद चित्रित करून घ्यायची. क्षितिजरेषा काठीला ज्या उंचीवर छेदते, तीच त्या फुलीपासून लेन्सची उंची. कागद हरवला, चुकला किंवा कोणाच्या छातीवर मोजला गेला, तरी ती पाच सेकंदे खोटे बोलत नाहीत. सहायक दिग्दर्शक या पाच सेकंदांसाठी कुरकुर करतात. त्यांना करू द्यावी.

डोंगराची कड म्हणजे क्षितिज, असे समजणे

नवशिक्या माणसाला चित्रात क्षितिजरेषा दाखव म्हटले, की तो आकाश जेथे संपते त्या रेषेवर बोट ठेवतो. समुद्रकिनाऱ्यावर हे चालून जाते. इतरत्र ती डोंगराची, झाडांची किंवा छपरांची कड असते आणि खरी क्षितिजरेषा तिच्या बरीच खाली, कशाच्या तरी मागे लपलेली असते. खरे क्षितिज लेन्सच्या पातळीवर असते, बस्स. लेन्सच्या उंचीइतकी उंची असलेला प्रत्येक बिंदू, तो जवळचा असो की लांबचा, चित्रात क्षितिजरेषेवरच येतो, आणि कॅमेरा वर-खाली टिल्ट केला तरी हे नाते मोडत नाही. म्हणून मी लेन्सच्या पातळीवर आजूबाजूच्या भिंतींना, खांबांना तीन-चार ठिकाणी टेपचे लहान तुकडे चिकटवते. त्या तुकड्यांमधून रेषा ओढली, की क्षितिज हातात आले.

टिल्टविषयी ‘थोडासाच आहे’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा हिशोब करून पाहावा. कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, सुमारे 25 मिलिमीटर रुंद असेल, तर 16:9 चौकटीची उंची 14 मिलिमीटर होते. 35 ची लेन्स लावून कॅमेरा फक्त 5 अंश वर केला, तर क्षितिजरेषा चौकटीच्या मध्यापासून 3 मिलिमीटरने, म्हणजे चौकटीच्या उंचीच्या जवळजवळ 22 टक्के खाली सरकते. 2160 पिक्सेल उंचीच्या चित्रात हे साधारण 470 पिक्सेल होतात. शिवाय उभ्या रेषा आता समांतर राहत नाहीत, त्या वर कोठेतरी एकत्र येऊ लागतात आणि चित्राला तिसरा व्हॅनिशिंग पॉइंट (समांतर रेषा जेथे मिळताना दिसतात तो बिंदू) मिळतो. त्यामुळे टिल्टचा कोन कोनमापकाने मोजून दशांशासह लिहावा.

उताराच्या रस्त्याचे प्रकरण वेगळे आहे. चढणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडा क्षितिजावर न मिळता त्याच्या वर मिळतात, आणि 12 मीटरला 1 मीटर इतक्या साध्या चढावरही हा फरक वरच्या टिल्टच्या उदाहरणाइतकाच मोठा असतो. रस्त्याच्या कडा लांबवून क्षितिज शोधणारे लोक येथे हमखास फसतात. त्याच रस्त्यावरच्या घरांच्या खिडक्यांच्या रेषा मात्र सपाट असतात, कारण गवंड्याने त्या लेव्हलने बांधलेल्या असतात. त्यांच्यावर विश्वास ठेवावा, रस्त्यावर ठेवू नये.

‘35 ची लेन्स होती’

आणि सेन्सर? या प्रश्नावर जी शांतता पसरते, ती मला आता पाठ झाली आहे. 36 मिलिमीटर रुंद सेन्सरवर 35 ची लेन्स आडवे सुमारे 54 अंश बघते, आणि 25 मिलिमीटर रुंद सेन्सरवर तीच लेन्स जेमतेम 39 अंश बघते. सेन्सरचा किती भाग वापरला हे ठाऊक नसेल, तर फोकल लेन्थचा, म्हणजे लेन्सवरच्या त्या 35 चा, आकडा निम्माच कामाचा. आणि हा भाग एकाच कॅमेऱ्यात, एकाच दिवशी बदलू शकतो, कारण अनेक कॅमेरे फ्रेमरेट वाढवला की सेन्सरचा मधलाच तुकडा वापरतात. एका शॉटचा तिसरा टेक असाच कोणीतरी स्लो मोशनसाठी वेगळ्या सेटिंगवर घेतला होता आणि नोंद मात्र पहिल्या टेकचीच पुढे चालू ठेवली होती. एडिटमध्ये निवडला गेला तो अर्थातच तिसरा टेक. म्हणून दर टेकला रिझोल्यूशन, फ्रेमरेट आणि रेकॉर्डिंग मोड यांची नोंद स्वतः मॉनिटर बघून करावी. विचारून करू नये, कारण सांगणारा आठवणीवरून सांगतो.

झूम लेन्सच्या रिंगवरचा आकडा हा फक्त अंदाज असतो. शक्य असेल तेथे प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्सच मागावी.

डिस्टॉर्शनची ग्रिड, म्हणजे ते मोजण्यासाठी चित्रित केलेली सरळ रेषांची जाळी, ज्या लेन्सने शूट केले तिच्याचवर घ्यावी, ‘तसल्याच दुसऱ्या’ लेन्सवर नव्हे. फोकस बदलला की बऱ्याच लेन्सचा दृश्यकोन किंचित बदलतो, त्यामुळे जवळच्या आणि लांबच्या फोकसवर अशा किमान दोन ग्रिड हव्यात.

कॅमेऱ्यातले स्टॅबिलायझेशन बंद ठेवावे. यावर चर्चा नको.

काटकोन गृहीत धरणे

एका चित्रावरून कॅमेरा शोधताना आपण बहुधा असे धरून चालतो, की समोरच्या दोन भिंती एकमेकींना काटकोनात आहेत. प्रत्यक्षात पुष्कळ भिंती तशा नसतात, जुन्या इमारतींमध्ये तर क्वचितच असतात. दोन-तीन अंशांचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण व्हॅनिशिंग पॉइंट त्याने भलतीकडे जातो आणि त्यातून काढलेली फोकल लेन्थही चुकते. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 मीटर, दुसऱ्या भिंतीवर 4 मीटर अशा खुणा कराव्यात आणि दोन खुणांमधले तिरके अंतर मोजावे. ते बरोबर 5 मीटर भरले तर काटकोन आहे. भरले नाही तर जे भरले ते लिहावे. तेही तितकेच उपयोगी आहे. या कामाला दोन माणसे आणि दोन मिनिटे लागतात, आणि तरीही ते टाळणारी माणसे मी दर शूटला पाहते.

सगळे मार्कर एकाच भिंतीवर

हिरव्या पडद्यावर मार्करची, म्हणजे खुणेच्या क्रॉसची, सुबक जाळी चिकटवली की काम झाले, असा समज आहे. कॅमेरा हलताना खोली समजते ती जवळच्या आणि लांबच्या बिंदूंच्या सापेक्ष सरकण्यातून. सगळे बिंदू एकाच प्रतलात असतील, तर ट्रॅकिंगला, म्हणजे चित्रावरून कॅमेऱ्याची हालचाल शोधण्याला, आधार फार तोकडा उरतो. दोन मार्कर जमिनीवर पुढे, दोन स्टँडवर मध्ये, उरलेले मागे, असे विखरून ठेवावेत आणि त्यांच्यातली अंतरे मोजून ठेवावीत. नटाच्या केसांमागे मार्कर लावू नये, तो पुसणाऱ्याचे शाप लागतात.

पार्श्वभूमीसाठी कॅमेरा फिरवून अनेक प्लेट्स (नंतर जोडायची चित्रे) घेणार असाल, तर तो लेन्सच्या नोडल पॉइंटवर, नेमके सांगायचे तर तिच्या एन्ट्रन्स प्युपिलवर (समोरून लेन्समध्ये पाहिल्यावर तिचे छिद्र जेथे दिसते त्या जागी) फिरायला हवा. एक काठी जवळ आणि एक लांब, एकामागे एक झाकली जातील अशी उभी करावी. पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, मागची काठी पुढचीच्या आडून डोकावू लागली, तर कॅमेरा पुढे-मागे सरकवत डोकावणे थांबेपर्यंत जागा शोधावी. ट्रायपॉडच्या स्क्रूची जागा म्हणजे नोडल पॉइंट नव्हे.

‘स्कॅन केले आहे, मापांची गरज नाही’

लायडार स्कॅन, म्हणजे लेसरने टिपलेला जागेचा आकार, ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि मिळत असेल तर मी कधी नको म्हणत नाही. परंतु त्याच्यातून भिंत कोठे आहे हे कळते. कॅमेरा कोठे होता, किती उंच होता आणि किती झुकला होता, हे कळत नाही, कारण बहुतेक वेळा स्कॅन जेवणाच्या सुट्टीत होतो आणि तोपर्यंत कॅमेरा गाडीत गेलेला असतो. घाईत असलेल्या नवशिक्यांना मोबाइलवर स्कॅन करून दाखवणारी ॲप्स विशेष आवडतात. संदर्भ म्हणून ती ठीक आहेत, पण त्यांच्या मॉडेलमधले एखादे अंतर टेपने पडताळल्याशिवाय त्याच्यावर इमारत उभी करू नये.

माझ्यापुरती सवय अशी आहे, की टेक मंजूर झाला तरी कॅमेरा उचलू देण्यापूर्वी मी ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती टेप चिकटवून घेते, लेन्सच्या मध्यातून खाली ओळंबा सोडून जमिनीवर खूण करते, त्या खुणेपासून फुलीपर्यंतचे आणि इतर दोन पक्क्या कोपऱ्यांपर्यंतचे अंतर मोजते, आणि मापांच्या कागदाचा फोटो तेथेच उभ्या उभ्या काढते. त्यानंतर कॅमेरा कोठेही न्यावा.