हेडफोन नसतानाही लॅपटॉप म्हणे, हेडफोन आहे

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) घातलेल्या जुन्या लॅपटॉपचा स्पीकर अचानक मुका झाला. हेडफोन लावला की आवाज खणखणीत, काढला की शांतता! म्हणजे साउंड कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक. तरी मी आधी पल्सऑडिओ, म्हणजे आवाज सांभाळणारा प्रोग्रॅम, काढून पुन्हा टाकला आणि संध्याकाळ वाया घालवली.

खरा धागा पावूकंट्रोलमध्ये, म्हणजे पल्सऑडिओच्या सेटिंगच्या खिडकीत, सापडला. आउटपुटच्या पोर्टपुढे ‘हेडफोन, जोडलेला’ असं दिसत होतं, आणि जॅक तर रिकामा! पोर्ट बदलून स्पीकर निवडला, तरी ढिम्म.

मग टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) अल्सामिक्सर हा साउंड कार्डाचा मिक्सर उघडला. सुरुवातीला त्यात पल्सऑडिओची एकच पट्टी दिसते, त्यावर जाऊ नका. एफ६ दाबून खरं कार्ड निवडा. अगदी उजवीकडे ‘ऑटो-म्यूट मोड’ होता, चालू. हेडफोन लागला की स्पीकर बंद करणारा हाच शहाणा. तो बंद करताच आवाज आला. स्पीकरखाली ‘एमएम’ दिसलं, तर एम दाबून म्यूट काढायचं. शेवटी सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार देणारी कमांड) लावून ‘अल्सासीटीएल स्टोअर’ (alsactl store) दिलं, म्हणजे रीबूटनंतरही सेटिंग टिकतं.

दोन दिवसांनी लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकनं जॅक हलकेच साफ केला. चिमूटभर धूळ निघाली! आता ऑटो-म्यूट पुन्हा चालू आहे.