भुईमुगावर भुईमूग घेण्याआधी

बडोद्यात राहून सावली किंवा वाघोडिया तालुक्यातील जमीन भागियाच्या (वाटेकऱ्याच्या) मदतीने कसणाऱ्यांपैकी ज्यांना यंदाही त्याच तुकड्यात भुईमूग घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी ही यादी आहे. मजूर, डिझेल आणि पाण्याची सोय गृहीत धरली आहे.

ट्रॅक्टरवाल्याला फोन करण्याआधी मागच्या पिकाची खोडे, मुळे, गळालेला पाला आणि मातीत तुटून राहिलेल्या शेंगा वेचून शेताबाहेर काढाव्यात. गेल्या हंगामात हेच राहून गेले आणि आऱ्या (फुलांनंतर मातीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटण्याच्या सुमारास झाडे ठिकठिकाणी माना टाकू लागली. खोडकुजीच्या बुरशीच्या मोहरीएवढ्या तपकिरी गाठी जमिनीत काही वर्षे तग धरतात आणि वरच्या थरात कुजणारा काडीकचरा मिळाला, की त्यावर पोसून बुंध्याकडे सरकतात. म्हणून रोटाव्हेटर आधी फिरवू नये. तो अवशेषांचे तुकडे करून ते नेमके याच थरात कालवतो. आधी वेचणी, मग पलटी नांगराने खोल नांगरट, उन्हाळ्यात जमीन तापू देणे, आणि त्यानंतर फक्त वरवरची मशागत, म्हणजे गाडलेले पुन्हा वर येणार नाही. वेचलेला कचरा उकिरड्यात टाकू नये, कारण अर्धवट कुजलेल्या खतातून तो पुन्हा शेतातच येतो. भागिया ‘मातीत कुजून जाईल’ असे म्हणेल, ऐकू नये.

भुईमूग द्विदल असल्यामुळे जमीन आपोआप सुधारते, या समजुतीवरही विसंबू नये. आपण झाड मुळासकट उपटतो आणि पाला गुरांना घालतो, त्यामुळे हवेतून घेतलेल्या नत्रापैकी फारच थोडे मागे उरते. शक्य असेल तर मध्ये बाजरी, ज्वारी किंवा मका घ्यावा. हरभरा, टोमॅटो किंवा मिरची घेऊन फेरपालट झाली असे मानू नये, कारण हीच बुरशी त्यांच्यावरही जगते. पावसाळी भुईमुगानंतर त्याच तुकड्यात लगेच उन्हाळी भुईमूग घेणे मला तरी अविचाराचे वाटते.

शेणखत पूर्ण कुजलेलेच हवे. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपकारक बुरशी) शेणखतात किंवा एरंडीच्या पेंडीत मिसळून ओलीत द्यावा. बियाण्याच्या शेंगा पेरणी जवळ आल्यावरच फोडाव्यात आणि प्रत्येक किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा. जिवाणू खत सर्वांत शेवटी लावून बी सावलीत सुकवावे. त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकही लावायचे असेल, तर ट्रायकोडर्माचे पैसे वाचवावेत, कारण ते औषध त्यालाही मारते. पहिल्या चांगल्या पावसानंतर बांधावरच्या कडुनिंब-बाभळींवर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमतात. तेव्हाच फांद्या हलवून ते गोळा करून मारावेत, नंतर अळ्या मुळे खाऊ लागल्यावर धावपळ करून फारसे हाती लागत नाही.

पेरणीपूर्वी एकदा पुन्हा शेतात फिरून मागची खोडे खरोखर निघाली आहेत का, हे स्वतः पाहावे. हे काम फोनवर होत नाही.

जिप्सम हेक्टरी ४०० किलो, निम्मे पेरणीच्या वेळी आणि निम्मे आऱ्या सुटताना द्यावे. पोसणारी शेंग जिप्सममध्ये असतो तो चुना (कॅल्शियम) मुख्यतः भोवतीच्या मातीतूनच घेते, म्हणून वर्षानुवर्षे शेंगाच काढलेल्या हलक्या गोराडू (रेताड पोयट्याच्या) जमिनीत त्याची उणीव पोचट शेंगांतून दिसते. खुरपणी करताना बुंध्यावर माती चढवू नये. खालची पाने दबून कुजतात आणि बुरशीला आयता आहार मिळतो. टिक्क्याची (पानांवर ठिपके पाडणाऱ्या रोगाची) फवारणीही याच कारणासाठी वेळेवर करावी, कारण रोगाने गळालेली पाने बुंध्याशी साचतात आणि शेत कितीही वेचले तरी नवा कचरा तयार होतो.

पुढचे थोडक्यात. आऱ्या मातीत शिरू लागल्यावर आंतरमशागत बंद करावी. मर दिसली, की ती जागा खुंट रोवून दाखवावी आणि झाड भोवतीच्या मातीसह उचलून बांधाबाहेर न्यावे. ओढत नेऊ नये. काढणीत मेलेली झाडे चांगल्या ढिगात मिसळू नयेत. शेंगा आर्द्रता ८ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवाव्यात, नाहीतर विषारी बुरशी धरते. खुंट रोवलेल्या जागांच्या आसपासच्या शेंगा बियाण्यासाठी ठेवू नयेत.