माणसं घेऊन जाणाऱ्या रॉकेटचं लाँचिंग फॉलो कसं करायचं, आणि हवामानाचा तो टक्का नीट कसा वाचायचा

यूट्यूबची लिंक उघडा आणि बघत बसा, एवढाच सल्ला सगळीकडे मिळतो. मग रात्री दोन वाजता लाँच रद्द झालं की लोक चिडून झोपतात आणि सकाळी ग्रुपवर लिहितात की मिशन फेल गेलं. फेल काही गेलेलं नसतं. २०२० पासून मी क्रू असलेली जवळजवळ सगळी लाँचेस शेवटच्या तयारीपासून फॉलो करतोय, गावातल्या पोरांना सोबत घेऊन बसतोय, त्यामुळे कुठे फसायला होतं ते सांगतो.

आधी तयारीच्या बातम्या. फ्लाइट रेडिनेस रिव्ह्यू म्हणजे उड्डाणाआधीची शेवटची मोठी तपासणी-बैठक झाली का, रॉकेट पॅडवर म्हणजे उड्डाणाच्या चौथऱ्यावर उभं राहिलं का, स्टॅटिक फायर म्हणजे जागच्या जागी इंजिनं पेटवून बघणं झालं का, क्रूची सूट घालून रंगीत तालीम झाली का. ही चार नावं लक्षात ठेवा, बास. यातलं एक जरी अडकलं तरी तारीख हलणार. शुभांशु शुक्ला ज्यातून स्पेस स्टेशनला गेले त्या ॲक्सिअम-४ मोहिमेचं आठवा, ११ जून २०२५ चं लाँच ऑक्सिजनच्या गळतीमुळे थांबलं, मग स्पेस स्टेशनच्या झ्वेझ्दा भागातल्या दुरुस्तीनंतरच्या तपासणीसाठी अजून पुढे गेलं, शेवटी २५ जूनला ते उडाले.

वेळेचं गणित स्वतः करा, फॉरवर्ड मेसेजवर जाऊ नका. अमेरिकेची ही लाँचेस फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलच्या किनाऱ्यावरून होतात, तर फ्लोरिडाच्या उन्हाळी वेळेत साडेनऊ तास मिळवायचे, हिवाळी वेळेत साडेदहा. उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. २५ जूनला तिकडे पहाटेचे २:३१ होते, आपल्याकडे दुपारचे १२:०१. तिकडची दुपार-संध्याकाळ असेल तर आपल्याकडे बहुतेक पुढची तारीख लागलेली असते, तेव्हा तारीखही बदलून लिहा.

आता हवामान. इथे मी स्वतः दोनदा सपशेल चुकलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, मोबाईलच्या वेदर ॲपमध्ये केप कॅनाव्हरल टाकून सूर्य दिसतो का ढग दिसतो ते बघणं बंद करा. त्याचा काडीचा उपयोग नाही. अमेरिकेच्या स्पेस फोर्सची ४५ वी वेदर स्क्वाड्रन लाँचच्या साधारण तीन दिवस आधीपासून एक अंदाजपत्र काढते, ते त्यांच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतं. त्यावर टक्का असतो आणि त्याला नाव असतं प्रॉबॅबिलिटी ऑफ व्हायोलेशन. म्हणजे नियम मोडला जायची शक्यता. २० लिहिलंय म्हणजे ८० टक्के चांगलं. पण लाइव्ह कॉमेंटरीत आणि पोस्टमध्ये बऱ्याचदा उलटा आकडा देतात, ८० टक्के फेवरेबल. मी सुरुवातीला हे दोन्ही आकडे एकच समजायचो, त्यामुळे एका दिवशी खुश आणि दुसऱ्या दिवशी निराश आणि हवा मात्र तीच. तेव्हा आकडा दिसला की आधी बघा तो कशाचा आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तो टक्का फक्त पॅडच्या आसपासच्या हवेचा असतो. रॉकेट वर जाताना काही बिघडलं तर कॅप्सूल सुटून समुद्रात उतरणार, म्हणून ड्रॅगनच्या, म्हणजे स्पेसएक्सच्या माणसं नेणाऱ्या कॅप्सूलच्या वेळेस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून अटलांटिक ओलांडून पार आयर्लंडच्या बाजूपर्यंत ५० पेक्षा जास्त ठिकाणचा वारा आणि लाटा बघतात. हे टक्क्यात धरलेलं नसतं, खाली ॲडिशनल रिस्क म्हणून वेगळं लिहितात, लो, मॉडरेट, हाय. लोक ती ओळ वाचतच नाहीत. मीही नव्हती वाचली. ॲक्सिअम-४ चं आधी १० जून २०२५ ला आपल्या संध्याकाळी ५:५२ चं लाँच होतं, शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर सांगून ठेवलेला, आणि आदल्या संध्याकाळी कळलं की वरच्या वाटेवर वारा जास्त आहे म्हणून एक दिवस पुढे. पॅडवर काय ऊन पडलंय यावर मी भरवसा ठेवला होता. तेव्हापासून मी आधी ती खालची ओळ वाचतो, टक्का नंतर.

तिसरी गोष्ट, कोणता नियम मोडायची भीती आहे ते वाचा. त्याच कागदावर लिहिलेलं असतं. क्युम्युलस क्लाउड रूल, अँव्हिल क्लाउड रूल, सरफेस इलेक्ट्रिक फील्ड असं. हे सगळे मुळात विजेचे नियम आहेत, आणि वीज पडत नसली तरी ते लागू होतात, कारण रॉकेट स्वतःच वीज ओढून घेतं. मागची आग आणि धूर वीजवाहक असतो, ढगात शिरलं की जमिनीपर्यंत तारच लागल्यासारखी. १४ नोव्हेंबर १९६९ ला अपोलो १२ पावसात उडालं आणि पहिल्या मिनिटाच्या आत दोनदा वीज बसली. माणसं वाचली, पण आजची कडक शिस्त अशाच अनुभवातून आली. आता पॅडभोवती जमिनीवर फील्ड मिल नावाची यंत्रं असतात, हवेतला विद्युत दाब मोजतात, आकडा मीटरला १,५०० व्होल्टच्या वर गेला की थांबा. जवळपास वीज चमकली की ३० मिनिटं थांबा.

हे समजायला आपल्याला अवघड नाही खरं तर. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनमध्ये केळीवाला माणूस दुपारी तीननंतर सारखा वर बघतो. ढग काळा आहे का याच्यापेक्षा त्याचं डोकं किती उंच गेलंय आणि वरून ऐरणीसारखं पसरायला लागलंय का, हे तो बघतो. पसरलं की समजायचं, अर्ध्या तासात वारं येतंय, आणि मग पानांच्या चिंध्या होतात आणि घड लागलेली झाडं ओळीच्या ओळी आडवी. अँव्हिल म्हणजे तीच ऐरण. ढगाचं टोक इतकं वर गेलं की तिथे बर्फ तयार होतो, बर्फाच्या कणांच्या घासाघाशीतून वीज साठते, म्हणून त्यांचे नियमही ढगाच्या टोकाचं तापमान उणे १० आहे का उणे २० यावर ठरतात. फ्लोरिडात उन्हाळ्यात समुद्रावरचं वारं दुपारी आत शिरलं की असेच ढग चढतात, त्यामुळे तिकडची दुपारची वेळ दिसली की मी मनाची तयारी ठेवतो, पहाटेची दिसली की जरा निवांत.

लाँचच्या दिवशी फक्त उड्डाणाच्या वेळेचा अलार्म लावू नका, चार तास आधी बसा. सूट चढवणं, घरच्यांचा निरोप, गाडीतून पॅडवर जाणं, हॅच बंद होणं, हे सगळं बघण्यासारखं आहे. लाइट जाणारच असं धरून फोन चार्ज ठेवा. थंडीचे दिवस असतील तर आम्ही शेतातच भरीत करतो आणि तिथेच मोबाईलवर बघतो.

फाल्कनसाठी, म्हणजे ड्रॅगन वर नेणाऱ्या रॉकेटसाठी, खरी निर्णयाची वेळ ४५ मिनिटं आधी असते. तेव्हा इंधन भरायचा गो म्हणजे होकार मिळतो. ४२ मिनिटांना क्रू ज्यावरून कॅप्सूलमध्ये चढतो तो पूल बाजूला सरकतो, मग सुटकेची यंत्रणा चालू, आणि ३५ मिनिटांना इंधन भरणं सुरू. तेव्हा हवामान लाल असलं, म्हणजे एखादा नियम मोडत असला, तरी पुढे जातात, सुधारेल या हिशेबाने, त्यामुळे इंधन भरतायत म्हणजे आता उडणारच असं पोरांना सांगून टाकू नका. अतिथंड केलेला ऑक्सिजन टाकीत थांबवून ठेवता येत नाही, आणि स्पेस स्टेशनची कक्षा पॅडवरून जायची वेळ एकच, त्यामुळे पाच मिनिटं थांबू असं होत नाही. थेट रद्द. आपल्या गगनयानच्या टीव्ही-डी१ या माणसाशिवायच्या चाचणी उड्डाणात, २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याला, हवामानामुळे ८ चे पावणेनऊ झाले, मग अगदी ५ सेकंद राहिले असताना काउंटडाउन थांबलं, आणि तरी त्याच दिवशी १० वाजता उडवलं. ते कक्षेत जायचं नव्हतं आणि आत माणूस नव्हता, म्हणून ती सवलत होती. दोन्हीची तुलना करू नका.

रद्द झालं की पुढची वेळ लगेच लिहून घ्या. स्पेस स्टेशनला जायचं असेल तर ती रोज साधारण २० ते २५ मिनिटं अलीकडे सरकते. २८ मे २०२० ला आपल्याकडे रात्री २:०३ ला डेमो-२, स्पेसएक्सचं माणसं नेणारं पहिलं उड्डाण, होणार होतं, ३१ मेला ते मध्यरात्री १२:५२ ला उडालं, तीन दिवसांत ७१ मिनिटं. जुना अलार्म तसाच ठेवलेले दोघं जण त्या रात्री उठले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

आणि स्ट्रीम बंद करू नका. २८ तारखेला १७ मिनिटं राहिली असताना रद्द झालं, लॉकडाऊन होता, गच्चीवर रात्रीसुद्धा फरशी तापलेली, आम्ही सगळे उठून खाली निघालो. आजी अमळनेरकडची, ती जागची हलली नाही. तिने विचारलं, "पोरं खाले उतरनात का?" म्हणजे रॉकेटमधली ती दोघं खाली उतरली का. तेव्हा मी पहिल्यांदा पुढचं पाहिलं. बेंकेन आणि हर्ली हे दोन अंतराळवीर आत पट्टे बांधून तसेच बसलेले, आधी सगळं इंधन परत काढलं, मग पूल परत लागला, आणि मग हॅच उघडलं. बराच वेळ जातो त्यात. ते दोघं बाहेर आले तेव्हा आजी उठली, पाणी प्यायली आणि झोपायला गेली.